निरेसावाची पाठुंगळी

आमच्या खोऱ्यात परगावी मेलेल्या माणसाला ओबोनच्या, म्हणजे पितरं घरी येतात त्या सणाच्या, पहिल्या संध्याकाळी आणायला कबरीवर जात नाहीत, निरेसावा स्टेशनवर जातात. अस्थी कबरीत असल्या तरी. माणूस ज्या गाडीनं गेला त्याच गाडीनं त्याला घर सापडतं, असा त्यामागचा विचार. संध्याकाळची गाडी येते, पुढचं दार उघडतं, कोणी उतरत नाही, दार मिटतं आणि गाडी निघून जाते. मग घरचं माणूस रुळांकडे पाठ करून खाली वाकतं, दोन्ही हात मागे जुळवतं, आणि कुणाला पाठुंगळीला घेतल्यासारखं तसंच वाकून घरापर्यंत चालत जातं. वाटेत बोलायचं नाही, मागे पाहायचं नाही. घरी देव्हाऱ्यापुढे बसून हात सोडले की माणूस उतरला.

लहानपणी आत्याला असं चालताना पाहून मला वाटायचं, तिची पाठ दुखतेय.

या वर्षी तिला वाकताच येत नव्हतं. वसंतात न्हाणीघरात घसरून तिचं कंबरेचं हाड दुखावलं होतं आणि ती काठी घेऊन चालत होती. म्हणून अकिताच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून रजा काढून मी निरेसावाला आले. आतोबांना घरी आणायचं काम माझ्याकडे होतं.

तोकुजी आतोबांना मी कधी पाहिलेलं नाही. शेतं बर्फाखाली गेली की ते दर हिवाळ्यात टोकियोला खोदकामावर जायचे. एका हिवाळ्यात खणलेल्या चराची भिंत ढासळली. पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी घेऊन त्यांचा भाऊ याच स्टेशनवर उतरला, तेव्हा माझे बाबा शाळेत होते. आत्या बाबांची थोरली बहीण. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती त्या घरात एकटी.

"सांगायचं तर देव्हाऱ्यापुढे कधीही सांगता येईल, असं बाबा म्हणतात," मी म्हणाले. आत्या ओट्यावर बसून हिरव्या शेंगांची डेखं खुडत होती.

"देव्हाऱ्यात फोटो आहे. फोटोला सांगून काय होणार? तुझ्या बापाला फोनवर सांगितलेलं तरी कळतं का? समोर बसवूनच सांगावं लागतं माणसाला."

सांगायचं होतं ते असं. सप्टेंबर संपला की गाडी बंद होणार होती. तिच्याऐवजी बस येणार, ती पुलाजवळ थांबणार, आणि पुलापासून घरापर्यंतचा चढ आत्याला काठी घेऊन जमणार नव्हता. म्हणून ऑक्टोबरात ती बाबांकडे अकिताला राहायला येणार होती. ती कबूल झाली होती, पण एका अटीवर. "हे येऊ देत. यांना सांगते. मग हवं तिथं न्या मला."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर पुढच्या वर्षी हे येतील. गाडी नाही, घराला कुलूप. माणूस जाईल कुठं?" तिनं शेंग मोडली. "टोकियोत साधा रस्ता ओलांडायला घाबरायचे. तिथले लोक हसायचे म्हणे."

मग तिनं मला सगळं समजावून दिलं. फलाटाच्या मधोमध उभं राहायचं. गाडी गेल्यावर पाठ वळवायची. नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची. मग वाकायचं.

निरेसावाला स्टेशनमास्तर नाही. मी कळती झाल्यापासून नव्हताच. तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकलेली आहे. गाडीची वाट पाहायच्या खोलीतल्या बाकावर गावातल्या बायकांनी शिवलेल्या उशा आहेत, झाडू खुंटीला असतो, आणि पाळीपाळीनं कोणीतरी झाडून जातं. पाळ्या असलेल्या बायका एकेक करून संपल्या. शेवटी रोजच आत्याची पाळी असायची.

त्या संध्याकाळी फलाटावर तिघे जण होते. गाडी बंद होणार म्हणून दुरून दुरून फोटो काढायला येणारे. प्रत्येकाची तिपाई, प्रत्येकाची टोपी.

"ताई, जरा बाजूला होता का?" त्यातला एक म्हणाला. "मधोमध येताय तुम्ही."

मी बाजूला झाले, फलाटाच्या टोकाला, आरशाच्या खांबाशी. वळणावरून एका डब्याची गाडी आली. आत चालक आणि मागे झोपलेला एक माणूस. पुढचं दार उघडलं. चालकानं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दार लागायला हवं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ उघडं राहिलं. मग मिटलं. गाडी गेली. रूळ काही वेळ वाजत राहिले.

तिघांनी कॅमेरे खाली केले आणि आता काय पाहायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी पाठ वळवली. तोंड उघडलं. तीन परक्या पुरुषांसमोर, रिकाम्या रुळांना, कधी न पाहिलेल्या माणसाच्या नावानं हाक मारायची. मी ते नाव मनातल्या मनात घेतलं. तोकुजी-सान, चला. आणि वाकले.

वाकल्यावर वाटलं, पाठीवरची पिशवी खांद्याकडे सरकली. मग आठवलं, पिशवी मी आणलीच नव्हती.

मी चालायला लागले. थांबून विचार करण्यापेक्षा ते सोपं होतं. वाकून चालल्यावर पाठ भरून येते, पण ती हळूहळू भरून येते, दर पावलाला थोडी. हे तसं नव्हतं. हे वजन एकदम आलं होतं आणि चढावर वाढलं नाही की उतारावर कमी झालं नाही. नदीवरून नमुन्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी आणताना असतं, साधारण तेवढं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, हाडावर, दोन थंड जागा होत्या. प्रत्येकी नाण्याएवढी. वास येत होता, तो शेताचा नव्हता. उदबत्तीचाही नव्हता.

आत्यानं दारात पाय धुवायचं पाणी ठेवलं होतं. मी वाकूनच पाय बुडवले, वाकूनच आत गेले, देव्हाऱ्यापुढे बसले आणि हात सोडले.

"या," आत्या म्हणाली. एरवी कधी न ऐकलेला मऊ आवाज. "उतरा. दमला असाल."

ती कान देऊन बसली. कोपऱ्यात एक लाकडी खांब आहे. आतोबा नेहमी त्याला टेकून बसायचे, आणि दर वर्षी ते येऊन टेकले की खांब वाजतो, असं ती सांगायची. उन्हाळ्यात दिवसा फुगलेलं लाकूड संध्याकाळी आकसतं आणि वाजतं, असं मी एकदा तिला सांगितलं होतं. "मग बाकीच्या संध्याकाळी का नाही वाजत?" तिनं विचारलं होतं.

खांब वाजला नाही.

"सरळ बस," आत्या म्हणाली.

"येत नाहीये सरळ बसता."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नाव घेऊन हाक मारलीस ना?"

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मनात."

"मनात!" तिनं काठी जमिनीवर आपटली. "मनातलं ऐकायला ते देव आहेत का? साधा शेतकरी माणूस!"

"तिथं लोक होते, आत्या. फोटोवाले."

"असू देत. त्यांच्या बापाचं स्टेशन आहे का?" मग तिचा आवाज उतरला. "किती वजन वाटतंय?"

"दहा-बारा किलो."

"मग हे नव्हेत. गेल्या वर्षी यांना आणताना मला बांधावर दोनदा थांबावं लागलं." तिनं पुढे होऊन माझ्या खांद्याजवळ नाक आणलं. "कसला वास आहे हा?"

तेव्हा मला तो ओळखू आला. "खळीचा. नव्या कापडाला असतो तसा."

आत्यानं ओतायला घेतलेली साकेची बाटली खाली ठेवली.

"ओदाशिमांची किनुए," ती म्हणाली.

ओदाशिमा आजोबा म्हणजे खालच्या आळीतले. त्यांची मुलगी शाळा संपताच नागोयाच्या कापडगिरणीत कामाला गेली आणि तिथल्या वसतिगृहात तापानं वारली. सतरा वर्षांची होती. ओबोनला फलाटावर येणारी शेवटची दोन माणसं म्हणजे आत्या आणि ओदाशिमा आजोबा. या वसंतात त्यांच्या मुलानं त्यांना खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या वृद्धाश्रमात ठेवलं. म्हणजे आज संध्याकाळी किनुए उतरली, तर फलाटावर तिचं कोणी नव्हतं. होती फक्त वाकलेली एक पाठ, आणि त्या पाठीनं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

आत्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहून बोलली, शेजारच्या पोरीशी बोलावं तशी. "किनुए-चान, उतर गं. आत ये. मी इसोए, वरच्या घरची."

थंड जागा जास्त दाबल्या गेल्या.

"उतरत नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"उतरेल कशी? परक्याचं घर. वळण चांगलं होतं पोरीचं."

"मग आतोबा कुठं आहेत?"

आत्यानं देव्हाऱ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यापुढे तिनं सकाळपासून केलेलं मांडलं होतं, तळलेली वांगी, थंड शेवया, हिरव्या शेंगा. "हाक ऐकली नाही तर उतरले नसतील. पुढे गेले असतील गाडीबरोबर. पुढे काय आहे यांच्या ओळखीचं? डोंगर." तिनं शेवयांवर झाकण घातलं. "सांगायचं होतं गं मला. एवढंच राहिलं होतं."

त्या रात्री मी पालथी झोपले. कूस बदलावीशी वाटली की आठवायचं, आणि मी तशीच पडून राहायचे.

सकाळी आत्यानं लाल चवळीच्या गोड पुरणात घोळवलेले भाताचे दोन गोळे बांधून दिले. "एक ओदाशिमांना. एक तिला. तू खाऊ नकोस."

खाली जाणाऱ्या गाडीत मी मागच्या दारानं चढले, हात मागे धरून. दाराचं बटण कोपरानं दाबलं. आत एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसली होती. डबा रिकामा होता, तरी ती सरकली आणि आपल्या शेजारी जागा करून दिली.

"टेकून नको बसूस," ती म्हणाली. "चेंगरेल."

मी पुढे वाकून बसले. तिनं आणखी काही विचारलं नाही. उतरताना मात्र टोपलीतली एक काकडी माझ्या मांडीवर ठेवली आणि हलकेच मान झुकवली. मान माझ्यापुढे झुकवली नव्हती. तिची नजर थोडी वर होती.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात ओदाशिमा आजोबा चाकांच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुढ्यातलं ताट तसंच होतं.

"कालपासून जेवत नाहीत," तिथली परिचारिका म्हणाली. "काल दुपारपासून घरी जायचंय म्हणून धरून बसलेत. मुलाची परवानगी नाही, मी कशी सोडणार? तुम्ही नातेवाईक?"

"शेजारी," मी म्हणाले आणि त्यांच्या कानाशी वाकले. वाकलेली होतेच. "आजोबा! मी इसोए आत्याची भाची!"

"ओरडू नकोस, ऐकू येतं. इसोएची भाची? तिला सांग, माझा फवारणीचा पंप अजून तिच्याकडे आहे."

"सांगते. आजोबा, किनुए-सानना घेऊन आलेय."

परिचारिका माझ्याकडे बघत राहिली. आजोबांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्याच्या वर येऊन थांबले आणि तिथंच राहिले.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"माझी चूक झाली. मी नाव घेतलं नाही. ती चुकून माझ्या पाठीवर बसली."

"चुकून कशी? पोर गाडीतून उतरली, बाप नाही, अंधार पडतोय. दुसरं काय करेल?" त्यांनी खुर्चीचे दोन्ही दांडे धरले आणि खुर्चीच्या पाठीपासून स्वतःला पुढे ओढलं. मागे वीतभर जागा झाली. मग हात मागे नेले आणि बोटं एकमेकांत अडकवली. "वळ. पाठीला पाठ लाव."

मी वळले. त्यांच्या शर्टातून त्यांचे मणके माझ्या मणक्यांना लागले.

"किनुए!" ते ओरडले.

एवढ्या म्हाताऱ्या छातीत एवढा आवाज मी अपेक्षिला नव्हता. सगळ्या जेवणघरातले चमचे थांबले. माझ्या गळ्याची उजवी थंड जागा गेली. मग, जराशा अंतरानं, डावी. कोणीतरी एक हात सोडून, दुसरीकडे धरून, मग दुसरा सोडावा तशी.

मी सरळ उभी राहिले. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा.

आजोबा हळूहळू मागे टेकले, पूर्ण नाही. जागा ठेवून. "तशीच आहे," ते म्हणाले. "वजन वाढलं नाही. गिरणीत पोटभर देत नसत." मग परिचारिकेला म्हणाले, "ताट इकडे कर. आणि एक चमचा जास्त."

तिनं चमचा आणला. तो ताटात ठेवून ती चटकन बाजूला झाली. आत्यानं दिलेले दोन्ही गोळे मी ताटाशेजारी ठेवले.

मी निघताना त्यांनी हाक मारली. "आणि तोकुजी?"

"नाही आले. आत्या म्हणते, पुढे गेले असतील."

"कुठला जातोय पुढे! तो स्टेशनवर असेल. बायकापोरांना आधी उतरू देतो, मग आपण उतरतो, मग हाकेची वाट बघतो. हाक नाही आली तर बसून राहतो. आम्ही एका हिवाळ्यात एकत्र कामावर होतो. मुकादमानं बस म्हटलं आणि विसरला, तर हा संध्याकाळपर्यंत बसलेला." ते पहिला घास घेता घेता थांबले. "पण तुला तो ओळखत नाही. तुझ्याबरोबर यायचा नाही. इसोएला जाऊ दे."

हे मी आत्याला सांगितलं. दुपारी तिनं केस विंचरले, निळा पोशाख घातला आणि उन्हं उतरायच्या आधीच काठी घेऊन निघाली, कारण उतारावर तिला वेळ लागणार होता. मी कंदील घेऊन मागून.

फलाटावर एकच फोटोवाला होता, कालचाच.

"बाबा, ती तिपाई उचल," आत्या त्याला म्हणाली. "माणसांच्या वाटेत आहे."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं तिपाई उचलली, "माफ करा" म्हणाला आणि टोपी काढून कुंपणापलीकडे जाऊन उभा राहिला.

आत्या आधी खोलीच्या दारात गेली. बाकावरच्या उशा ओळीत होत्या. "अहो," ती आत म्हणाली. "तोकुजी-सान." काही नाही. गाडी आली. पुढचं दार उघडलं. आत्यानं दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली. चालकानं टोपीला हात लावला आणि तिनं मान हलवेपर्यंत दार मिटलं नाही. गाडी वळणाआड गेली.

मी पाठ वळवून वाकले.

"ही योशिकाझुची मुलगी," आत्या माझ्या डोक्यावरून कुणाला तरी सांगत होती. लग्नाला आलेल्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं. "इकुमी. आपला योशिकाझु, तुम्ही त्याला पतंग करून द्यायचात, त्याची. अकिताला पाणी तपासते. पाय मजबूत आहेत. बसा हिच्या पाठीवर."

मी वाट पाहिली. माझ्या पाठीवर फक्त शर्ट होता.

"नाही?" आत्यानं मला विचारलं.

"नाही."

प्रकाश चालला होता. फोटोवाला कधी गेला ते कळलं नाही. आत्यानं अजून एकदा हाक मारली, मग अजून एकदा, आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला. मग तिनं काठी माझ्या हातात दिली.

"आत्या, नको. वाकलीस तर उठता येणार नाही."

"गप्प बस."

ती खाली गेली. आधी एक गुडघा, मग दुसरा, माझा दंड धरून, दात खाऊन. खाली गेल्यावर तिनं दंड सोडला आणि हात मागे नेले. आता ती हाक मारत नव्हती, नुसतं बोलत होती. "अहो. काल मी आले नाही. रागावू नका. पोरीला पाठवलं, पोर लाजली. मीच आलेय बघा आता."

तिचे खांदे खाली दबले. आधी एक, मग दुसरा. तिचा श्वास अडकला आणि तोंड मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, नुसतं डोळ्यांनी, आणि मला कळलं की आता ती घरी पोचेपर्यंत बोलणार नाही. आणि उठूही शकणार नाही.

मी तिच्यापुढे पाठ करून बसले. तिला मानेला धरता येत नव्हतं, हात मागे गुंतलेले. म्हणून मी इतकी वाकले की ती माझ्या पाठीवर आडवी झाली, मग तिच्या मांड्या घट्ट धरल्या आणि उठले.

उठता उठता बसले. पुन्हा जोर लावला.

आत्याचं वजन मला माहीत होतं. वसंतात ती पडली तेव्हा मी सुट्टीला इथं आले होते, न्हाणीघरापासून मोटारीपर्यंत मीच तिला उचलून नेलं होतं, आणि ती इतकी हलकी होती की मला भीती वाटली होती. आता जे उचललं होतं ते आत्याचं वजन नव्हतं. मी कारणं शोधली. तेव्हा हातांवर घेतलं होतं, आता पाठीवर. तेव्हा सपाट जमीन होती, आता चढ. कारणं बरोबर होती आणि पुरत नव्हती. बांधाशी थांबावं लागलं. पाटाच्या फळीपाशी पुन्हा. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा वरचं ओझं एकदा वर सरकलं, बाळाला पाठीवर नीट बसवताना आई देते तसा झटका देऊन. आत्या हललेली नव्हती. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, तिथंच. तिच्या मागे कोणीतरी नीट बसलं होतं.

मागे पाहायचं नाही, हे मला आठवावं लागलं नाही.

घरात मी पाय न धुताच गेले आणि कोपऱ्यातल्या खांबाशी पाठ करून हळूहळू आत्याला खाली टेकवलं. तिनं हात सोडले.

"उतरा," ती म्हणाली.

खांब वाजला. लहान, कोरडा आवाज, बोटाचं पेर मोडावं तसा.

आत्या खांबापासून सरकली, वळली आणि नीट मांडी मोडून बसली. कंबर दुखत असणार, पण ती सरळ बसली. पेल्यात साके ओतली. थोडा वेळ तिनं त्यांना पिऊ दिली.

"ऐका," मग ती म्हणाली. "सप्टेंबर संपला की गाडी बंद. निरेसावाला पुढच्या वर्षी उतरायचं नाही. कोणी नसेल इथं. मी योशिकाझुकडे राहायला जातेय. तुम्ही खाली मोठ्या स्टेशनवर उतरायचं, अकिताची गाडी धरायची. घाबरायचं काही नाही, सगळे तीच धरतात. फलाटावर मी असेन. स्टेशनच्या पूर्वेच्या दारानं बाहेर पडलं की..."

"पश्चिमेच्या, आत्या."

"पश्चिमेच्या. मग पूल. पुलापलीकडे पिवळी इमारत."

"करडी. गेल्या वर्षी रंग दिला."

"करडी. ऐकलंत? करडी. मी न्यायला येणारच आहे, पण माझा पाय कधी घसरेल काय सांगावं. म्हणून सांगून ठेवते."

ती थांबली. बाहेर पाटाचं पाणी चाललं होतं.

"तिसऱ्या," मी म्हणाले. "लिफ्ट नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी कुठं काय विचारलं?"

"तू नाही विचारलंस."

  मला तेव्हाच कळलं की मी कुणाला उत्तर दिलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"कितव्या मजल्यावर, असं."

"मला नाही ऐकू आलं." तिनं पेला उगाच सरळ केला. मग खूप हळू, पोरीनं विचारावं तसं विचारलं, "आवाज कसा होता? मला आता आठवत नाही गं. तोंड आठवतं. आवाज नाही."

मी जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं ठरवलं. "दबका. थोडा बसलेला. शेवटचा शब्द जरा ओढून म्हणतात. आणि दम लागल्यासारखा."

"दम?"

"हो. चढ चढून आल्यावर लागतो तसा."

आत्या खांबाकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण तोंड हसायला लागलं होतं आणि तिला ते आवरत नव्हतं.

"सगळी वाट दोघींच्या पाठीवर बसून आला माणूस," ती त्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाली, "आणि दम यांना लागला!"